वहाळ, बंदर आणि भंगाराचा काटा : प्लॅस्टिकच्या कामाची वही

सिंधुदुर्गातल्या एका किनारी गावात प्लॅस्टिक कमी करायचं काम आम्ही चालवलंय, त्याच्या या नोंदी. गावाचं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही. पुढे गावकीतली भांडणंही आली आहेत आणि आम्हाला इथेच राहायचंय. मी ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठा व स्वच्छता समितीवर आहे, वही माझ्याकडे असते.

१८ मे २०२४

देवळाच्या सभामंडपात बैठक. बचत गटाच्या बायका, हायस्कूलचे विज्ञानाचे सर, दोन तांडेल (होडीचे म्होरके), आशाताई आणि दोन दुकानदार (एक जण मध्येच उठून गेला). पहिला प्रस्ताव नेहमीचाच, किनारा सफाई. तो आशाताईंनी आणि मी हाणून पाडला. सफाई दर वर्षी होते. बॅनर लागतो, तोही प्लॅस्टिकचाच. फोटो निघतात, गोण्या भरतात. मग गोण्या पंचायतीच्या मागे पडून राहतात, कुत्री फाडतात, आणि पहिल्या पावसात सगळं वहाळात (ओढ्यात) जाऊन तिथून परत किनाऱ्यावर. तेच प्लॅस्टिक आपण दर वर्षी नव्याने वेचतोय, असा सरांचा संशय. मला तो खरा वाटतो.

ठरलं ते असं : ज्या वस्तूचं पुढे काय होणार हे माहीत नाही ती गोळा करायची नाही. आधी घेणारा शोधायचा, मग गोणी उघडायची. लक्ष तीन जागांवर ठेवायचं : वहाळाचं तोंड, बंदर आणि गुरुवारचा बाजार. गावात प्लॅस्टिक शिरतं बाजारातून, आणि समुद्रात जातं वहाळातून नाहीतर बंदरावरून.

जाळण्याचा विषय निघालाच. आमच्याकडे खळ्यातला (अंगणातला) पातेरा, म्हणजे पालापाचोळा, लोटून पेटवतात, त्यातच पिशव्या आणि पाकिटं जातात. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळायला ५,००० रुपये दंड ठरवला, पण आमच्या पंचक्रोशीत तो कोणी कोणाला लावल्याचं ऐकिवात नाही. एका म्हाताऱ्या काकींनी विचारलं, "जाळूचां नाय तर खय टाकूचां, तां सांगा." सगळे गप्प. नियम वाचून दाखवायला निघालेल्या सरांनी कागद घडी घालून खिशात ठेवला.

२४ मे

सरांना घेऊन तालुक्याला भंगारवाल्याकडे गेलो. बराच वेळ त्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसलो. प्लॅस्टिकविषयी इतकं नेमकं बोलणारा माणूस मला दुसरा भेटलेला नाही. बाटलीच्या बुडाचा त्रिकोण आणि त्यातला आकडा तो बघतही नाही. वस्तू हातात घेतो, चुरगाळतो, आवाज ऐकतो. शंका आली तर तुकडा कापून पाण्याच्या बादलीत टाकतो. बुडाला तर पेट किंवा पीव्हीसी, तरंगला तर पॉलिथिन नाहीतर पॉलिप्रॉपिलीन. बाटली आणि तिचं झाकण वेगवेगळ्या ढिगात का जातात ते त्याने बादलीतच दाखवलं : बाटलीचा तुकडा तळाला, झाकण वर.

काय घेतो : पाण्याच्या आणि थंड पेयांच्या बाटल्या, तेलाचे कॅन, शाम्पूच्या बाटल्या, मोडक्या खुर्च्या आणि बादल्या, धुऊन वाळवलेल्या दुधाच्या पिशव्या. काय घेत नाही : वेफरची पाकिटं, गुटख्याच्या पुड्या (गुटखा राज्यात २०१२ पासून बंद आहे, पुड्या वहाळात रोज नव्या), शाम्पूचे सॅशे, थर्माकोल, मासळीचं रक्त लागलेल्या पातळ पिशव्या.

का घेत नाही, तर पाकिटात प्लॅस्टिकचे दोन-तीन थर आणि मध्ये ॲल्युमिनियमचा मुलामा असतो. ते सुटे होत नाहीत, म्हणून वितळवून दाणा करता येत नाही. आणि दुसरं कारण वजन. लिटरच्या चाळीस-पन्नास बाटल्यांचा एक किलो होतो. पाच रुपयेवाल्या वेफरच्या पाकिटांचा किलो व्हायला तीन-चारशे पाकिटं वेचावी लागतात. वाकून वाकून तीनशे पाकिटं वेचणाऱ्या बाईच्या हातात शेवटी काहीच पडत नसेल तर ती का वेचेल? थर्माकोलचं तर विचारूच नका, टेम्पो भरतो आणि काटा हलत नाही.

घरी येताना सर म्हणाले, म्हणजे किंमत असलेलं प्लॅस्टिक आपल्याशिवायही जातं, आपलं काम बिनकिमतीच्या मालाचं. वहीत तेच मथळा म्हणून लिहिलं.

१ जून

आजपासून मासेमारी बंद, ३१ जुलैपर्यंत. होड्या वर ओढल्या, झापांनी शाकारल्या. आता दोन महिने जाळी विणायची, सांधायची. बंदरावरचं प्लॅस्टिक म्हटलं की लोक पर्यटकांच्या बाटल्यांकडे बोट दाखवतात. पण जाळी सांधताना खाली काय पडतं ते कोणी बघत नाही. फाटलेला भाग कापून काढतात, त्याचे हातभर तुकडे, दोराची टोकं, तुटके बोये (जाळ्याचे तरंगते गोळे). सगळं वाळूत. उधाण आलं की आत.

तांडेलांशी बोललो. एकजण म्हणाला, "तुकडो पडलो तर पडलो, दर्यो मोठो आसा." दुसऱ्याला मात्र हे पटलं, कारण त्याच्या पंख्यात मागच्या मोसमात असाच सुटा दोर अडकून होडी भर समुद्रात बंद पडली होती. पर्यावरण राहू दे बाजूला, पंखा वाचतो हे कारण बंदरावर चाललं.

व्यवस्था अगदी साधी आहे. जाळी सांधायच्या प्रत्येक मांडवात खांबाला दोन गोण्या, तोंड उघडं राहावं म्हणून वेताची कडी घातलेल्या. एकीत नायलॉन, एकीत दोर. नायलॉनच्या गिलनेटला (मासे कल्ल्यांत अडकवणाऱ्या जाळ्याला) भंगारात भाव आहे आणि ते पाण्यात बुडतं. ट्रॉलरचं जाळं आणि दोर पॉलिथिनचे किंवा पॉलिप्रॉपिलीनचे, ते तरंगतात, भाव कमी. मिसळले तर दोन्हीचा भाव जातो. नायलॉनचे पैसे ज्याच्या मांडवाची गोणी त्याला, असं ठरलं. हे शेवटचं वाक्य नसतं तर गोण्या दुसऱ्या दिवशी सुक्या मासळीला गेल्या असत्या.

कासवांचीही गोष्ट निघाली. तुटलेलं जाळं पाण्यात मासे धरतच राहतं, त्यात कासवं गुरफटतात. जाळ्यात सापडलेलं कासव किंवा दुसरा संरक्षित जीव जाळं कापून सोडला तर राज्य सरकार २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देतं, ही योजना डिसेंबर २०१८ ची. दोन खलाशांना ठाऊकच नव्हती. फोटो काढून ठेवायला सांगितलं.

९ जून

पाऊस लागला. वहाळावर, साकवाच्या (छोट्या पुलाच्या) खालच्या अंगाला, जाळं बांधलं. जुनं जाळं, वरच्या कडेला जुने बोये, खालच्या कडेला अधूनमधून शिसं. जाळं पाण्यात फक्त वीतभर लोंबतं, खालून पाणी मोकळं. हे तांडेलांनीच सांगितलं, नाहीतर आम्ही तळापर्यंत बांधणार होतो. पहिल्या पावसात चढणीचे मासे वर जातात, वाट अडवली तर गाव आम्हालाच वहाळात टाकेल.

६ जुलै

काल अमावास्या, आज मोठं उधाण. किनाऱ्यावर भरतीच्या रेषेत सर मुलांना घेऊन बसले. काय जास्त आहे? झाकणं. निळी, पांढरी, लाल झाकणं, चपला, सिरिंज, दोर, इअरबडच्या काड्या, मासेमारीचे बोये. बाटल्या आहेत, पण झाकण घट्ट लावलेल्याच. झाकण नसलेल्या बाटल्या कुठे गेल्या? संध्याकाळी ओहोटीला खाडीच्या चिखलात, खारफुटीच्या मुळांत सापडल्या, पाकिटांसोबत. पेट पाण्यापेक्षा जड, हवा निघून गेली की बाटली तळाला. भंगारवाल्याची बादलीच म्हणायची ही, फक्त खाडीएवढी. किनारा स्वच्छ दिसला म्हणजे काम झालं असं मानणाऱ्यांना हा चिखल दाखवायला हवा.

वहाळावरचं जाळं रात्रीच्या लोंढ्यात फाटलं. प्लॅस्टिकपेक्षा पातेरा, फांद्या आणि केळीचे खुंट जास्त येतात, त्या वजनाने गाठी सुटल्या. तांडेलांनी नवं बांधताना आडवं न बांधता तिरकं बांधलं, एक टोक वरच्या बाजूला, दुसरं खालच्या काठाला. आता प्रवाह कचरा ढकलत खालच्या काठाच्या डोबीत (खोलगट डबक्यात) नेतो, मध्ये ताण येत नाही. डोबीतून ओहोटीला काढायचा. पातेरा बाजूला नारळाच्या आळ्यात, प्लॅस्टिक गोणीत. वहाळाच्या काठचं एक घर रोज ओहोटी बघून हे करतं. महिन्याचे पैसे समिती देते, थोडेच आहेत.

१९ जुलै

कालच्या बाजारातून पिशव्या आणल्या होत्या. आज हायस्कूलच्या प्रयोगशाळेत मोजल्या. ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉनच्या खालची कॅरी बॅग देशभर बंद आहे. दुकानदार म्हणतात, आमची जाड आहे. मग बघू की! स्क्रू गेजची लघुत्तम मापनक्षमता ०.०१ मिलिमीटर, म्हणजे १० मायक्रॉन. एक पदर मोजायला ते कमी पडतं, म्हणून पिशवीची घडी करून आठ पदर एकत्र मोजले. दहावीच्या मुलीने खुंटी कट्ट वाजेपर्यंत फिरवली, ०.१६. आठाने भागलं, २० मायक्रॉन. कायद्याच्या जेमतेम सहाव्या हिश्श्याएवढी जाडी. भाजीवाल्याची, चिकनवाल्याची, फरसाणवाल्याची, सगळ्यांची गत हीच.

मग त्या "कापडी" पिशव्या, कपड्याच्या दुकानात मिळतात त्या. दिसतात कापडासारख्या, वर पर्यावरणाचं हिरवं पान छापलेलं. सरांनी कोपरा कापून चिमट्यात धरून काडी लावली. सुती कापड कागदासारखं जळतं आणि राख होते. हे आकसलं, वितळलं, टोकाला कडक मणी तयार झाला. पॉलिप्रॉपिलीन. अशी पिशवी चौरस मीटरला किमान ६० ग्रॅम असली पाहिजे असा नियम आहे. दहा सेंटीमीटरचा चौकोन कापून सोनाराकडे नेला. ६० ग्रॅमवाली असती तर चौकोन ०.६ ग्रॅम भरायला हवा होता. काट्याने निम्म्याच्या आसपास दाखवलं. सोनार हसला, म्हणाला, तोळा-मासा मोजून वैतागलो, आता पिशव्या आणा.

मुलांनी दुकानदारांना तक्ता नेऊन दिला. दंड, पोलीस, काही नाही, फक्त तक्ता. दोघांनी पुढच्या खेपेला घाऊक व्यापाऱ्याला जाब विचारतो असं सांगितलं. एकाने मुलांना हाकललं.

१५ ऑगस्ट

ग्रामसभा. ठराव आणला : १ सप्टेंबरपासून बाजारात पातळ पिशवी बंद. राज्याची बंदी २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेची, अंमल त्याच वर्षी २३ जूनपासून, पहिल्या वेळी ५,००० रुपये दंड. केंद्राची एकल वापर प्लॅस्टिकवरची बंदी १ जुलै २०२२ ची. म्हणजे आम्ही नवीन काहीच बंद करत नव्हतो, आधीच बंद असलेलं बंद करायचा ठराव करत होतो. सभेत हे कोणीतरी मोठ्याने बोललं आणि हशा पिकला.

खरा वाद दंडावर. मासळी विकणाऱ्या बाईला पाच हजार सांगितले तर तिचे आठ दिवस गेले. शेवटी ठरलं, आधी मासळी बाजारात पर्याय उभा करायचा, मग दंडाचं बोलायचं. सरपंचांनी ठराव वाचताना "पर्याय" हा शब्द दोनदा वाचला, मुद्दाम असावं.

२२ ऑगस्ट

सोमवारी नारळी पौर्णिमा झाली, होड्या पाण्यात, बांगडा आणि कोळंबी बाजारात, गिऱ्हाईक तुडुंब. मासळी बाजारात दिवसभर होतो. हा सगळ्या प्रकल्पाचा गाभा आहे असं मला वाटतं, म्हणून सविस्तर लिहितो.

कापडी पिशवी मासळीला चालत नाही. हे भाषण करणाऱ्यांना समजत नाही, बायकांना समजतं. पाणी गळतं, रक्त लागतं, वास दोन दिवस जात नाही. घरून डबा आणणारी गावातली गिऱ्हाइकं आहेत, पण निम्मं गिऱ्हाईक फटफटीवरून जाता जाता थांबणारं, नाहीतर पर्यटक. पाटी लावून बसलेल्या एका काकींनी मला सरळच सुनावलं, "पिशवी नाय दिली तर गिऱ्हाईक बाजूच्या बाईकडे जातां. मगे माझे बांगडे तू घेतलंस काय?"

बरोबर आहे. एकटीने पिशवी बंद केली तर तिचंच नुकसान. म्हणून एकेकीला समजावणं सोडलं आणि सगळ्यांना मच्छीमार सोसायटीच्या ओटीवर एकत्र बसवलं. तास-दीड तास भांडण. जुनी उणीदुणी निघाली, कोण कोणाची जागा अडवते, कोण तोलताना पाणी सोडते. मग त्यांनीच तोडगा काढला. सगळ्यांनी एकाच दिवशी बंद करायचं. जी पिशवी देईल तिला दुसऱ्या दिवशी शेडच्या टोकाला, उन्हाच्या बाजूला बसवायचं. माशा आणि ऊन तिथे जास्त, सगळ्यांना ती जागा नको असते. पाच हजारांपेक्षा हा दंड जड!

पर्याय दोन. थोडी मासळी असेल तर सागाच्या किंवा केळीच्या पानात, वर सुंभ. सागाची पानं पावसाळ्यात हवी तेवढी. जास्त असेल तर झाकणाचा डबा, अनामत ५० रुपये, डबा परत दिला की पैसे परत. डबे बचत गटाने घेतले, एकाच मापाचे, म्हणजे एकात एक बसतात. ते बाजाराच्या तोंडावरच्या टपरीवर मिळतात आणि तिथेच परत घेतात, घेताना गरम पाण्याने धुतात. टपरीवाल्याला डब्यामागे दोन रुपये. डबे प्लॅस्टिकचेच आहेत. एका तरुण पर्यटकाने यावर नाक मुरडलं. मी त्याला म्हटलं, बाबा, हा डबा वर्षभर फिरेल, तुझ्या हातातली पिशवी घरी पोचेपर्यंतच टिकते.

११ सप्टेंबर

७ तारखेला गणपती आले. आज पाच दिवसांचे विसर्जन. चाकरमानी आले की गाव दुप्पट होतो आणि कचरा चौपट. थर्माकोलच्या मखराला राज्यात २०१८ पासूनच मनाई आहे, त्या वर्षी जुलैमध्ये उच्च न्यायालयानेही गणेशोत्सवापुरती सूट द्यायला नकार दिला होता. तरी मुंबईहून गाडीतून घड्या घालून मखर येतातच. त्याच्या वर आमच्याकडची माटवी (गणपतीवर टांगायची सजावट), नारळ, सुपारीची शिपटं, कवंडळं, आंब्याचे टाळे. खाली थर्माकोल, वर रान, असा देखावा. चार घरांनी यंदा बांबू आणि साड्यांवर भागवलं. बाकीच्यांशी वाद घातला नाही, मखर पुढच्या वर्षी पुन्हा वापरायचं वचन घेऊन माळ्यावर चढवून दिलं. वहाळात येण्यापेक्षा माळ्यावर बरं.

भजनाचं काम मात्र मनासारखं झालं. घरोघरी भजन, प्रत्येक घरी चाळीस-पन्नास माणसं, काळ्या वाटाण्याची उसळ, पाव, चहा. सकाळी खळ्यात कपांचा आणि द्रोणांचा ढीग. कागदी कप म्हणून जे मिळतात त्यांनाही आतून पॉलिथिनचा पातळ थर असतो, नाहीतर चहा गळला असता. देवस्थानची मोठी भांडी पूर्वीपासून लग्नकार्याला गावात फिरतात, त्यातच बचत गटाने स्टीलचे पेले आणि ताटल्यांची भर घातली. पेले आणणं कोणालाच जड नव्हतं. रात्री बारा वाजता धुणार कोण, इथे घोडं अडत होतं. घरची सून आधीच दमून गेलेली असते. तिच्या डोक्यावर पर्यावरण घालायचं नाही, असं गटाच्या अध्यक्षांनी पहिल्याच दिवशी बजावलं. म्हणून भाड्यातच धुण्याचे पैसे धरले. क्रेट खरकट्यासकट परत द्यायचे, सकाळी गटातल्या दोघी धुतात, मजुरी घेतात. दोन वाड्यांनी घेतले, तिसरीने भाडं जास्त म्हणून नाही.

२१ सप्टेंबर

सप्टेंबरचा तिसरा शनिवार, आंतरराष्ट्रीय किनारा स्वच्छता दिन. कॉलेजची मुलं बसने आली. हौसेने वेचलं, हौसेने गेली. पाणी आणताना बॉक्सभर बाटल्या घेऊन आली होती, त्या इथेच राहिल्या. बाटल्यांना भाव आहे, तक्रार नाही.

१६ ऑक्टोबर

विधानसभेची आचारसंहिता कालपासून. प्लॅस्टिक साठवायच्या शेडचा खर्च मंजूर व्हायचा होता, तो आता निकालानंतर.

२८ नोव्हेंबर

निवडणूक उरकली, फ्लेक्स उरले. फ्लेक्स म्हणजे पीव्हीसीचा मुलामा, त्यात क्लोरिन. भंगारात नाही, डांबरी रस्त्यात नाही, सिमेंटच्या भट्टीतही नको. शेवटी नेहमीसारखं झालं : सगळ्या पक्षांचे हसरे चेहरे लोकांनी लाकडांच्या खोपीवर आणि गोठ्यावर उलटे करून घातले. पुढचे दोन पावसाळे आमची गुरं सर्वपक्षीय छताखाली.

१४ डिसेंबर

वेंगुर्ल्याला गेलो. नगरपरिषदेचं कचऱ्याचं केंद्र बघायला महाराष्ट्रभरातून लोक येतात, आमच्या शेजारचं असून आम्ही आता गेलो. रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना डंपिंगच्या जागेचं रूप पालटलं. घरातूनच वेगळा केलेला कचरा येतो, ओल्याचा बायोगॅस, प्लॅस्टिकचे तुकडे करून डांबरी रस्त्यात. आत झाडं आहेत, वास नाही.

रस्त्याचं तंत्र मदुराईच्या प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन यांचं, त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. खडी साधारण १६० अंशांपर्यंत तापवायची, त्यावर प्लॅस्टिकचा चुरा टाकायचा, तो वितळून खडीला चिकटतो, मग डांबर. पातळ पिशव्या आणि पाकिटंही यात चालतात, म्हणजे आमचा बिनकिमतीचा माल. पण डांबराचा प्लांट जवळ हवा, ठेकेदार राजी हवा आणि माल कोरडा, वाळूविना हवा. आमचा माल वहाळातला, चिखलाने माखलेला. तो धुवायचं पाणी कुठून आणायचं आणि ते पाणी परत कुठे सोडायचं, या प्रश्नाला तिथल्या कामगाराने दिलेलं उत्तर मला आवडलं : "वहाळात जाऊच देऊ नका ना, घरातून कोरडंच घ्या." परतीच्या वाटेवर ठरवलं, पाकिटांचं काम वहाळावरून उंबऱ्यावर आणायचं.

२६ जानेवारी २०२५

ग्रामसभा. पैशांचं बोलणं, म्हणून उपस्थिती भरगच्च. स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात घनकचऱ्यासाठी ५,००० पर्यंतच्या लोकवस्तीच्या गावाला माणशी ६० रुपयांपर्यंत मिळतात, तालुक्याच्या प्लॅस्टिक केंद्राला १६ लाखांपर्यंत. पंधराव्या वित्त आयोगाच्या बंधित (ठरावीक कामांनाच वापरायच्या) निधीतला अर्धा हिस्साही स्वच्छतेला आहे. म्हणजे शेड आणि गाडी होऊ शकते. रोज गाडी चालवणाऱ्या माणसाचा पगार मात्र यात बसवताना नाकी नऊ येतात, तो गावानेच द्यायचा.

मागणी केली घरटी महिन्याला २० रुपये. कोणीतरी म्हणालं, कचऱ्याला पैसे? काकींनी (मे महिन्यातल्या त्याच) उठून सांगितलं, टीव्हीच्या रिचार्जला किती देतस? ठराव झाला. वसुली वाडीप्रमुखांकडे. बंद घरांचं काय, हे राहिलं. मुंबईकरांची घरं वर्षातून दोनदा उघडतात आणि तेव्हाच सगळ्यात जास्त कचरा करतात. त्यांना वर्षाचे एकदम, गणपतीत, असं माझं मत आहे, सभेने अजून घेतलेलं नाही.

२० फेब्रुवारी

उंबऱ्यावरची मात्रा लागू पडली असं म्हणायला हरकत नाही. प्रत्येक घरात स्वयंपाकघराच्या दाराला खिळा, खिळ्याला सिमेंटची रिकामी गोणी. त्यात फक्त कोरडी पाकिटं आणि पिशव्या. दुधाच्या पिशवीचं टोक पूर्ण कापायचं नाही, तिरकी चीर देऊन लोंबतं ठेवायचं, कारण सुटा तुकडा गोणीपर्यंत कधीच पोचत नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी गाडी. ज्या घरात गोणी आहे तिथे पातेऱ्यात पाकिटं दिसेनाशी झाली, आशाताई फिरताना बघतात. जिथे नाही तिथे अजून धूर आहे.

दुकानातली विक्री मात्र तसूभर हललेली नाही. पाच रुपयांचं पाकीट शाळेच्या दारात आहेच. बचत गटाने जत्रेत खाजं आणि चुरमुऱ्याचे लाडू कागदात विकले, खपले. रोज शाळेसमोर कोणी बसायला तयार नाही. उत्पादकाने आपलं प्लॅस्टिक परत घ्यायचं, अशी जबाबदारी नियमांत आहे. त्या जबाबदारीचा कागद कुठून तरी सुटतो, आमच्या वहाळापर्यंत पोचलेला मी पाहिलेला नाही.

१० एप्रिल

आंब्याचा हंगाम, कोणाला वेळ नाही. पाकिटांचे गठ्ठे शेडमध्ये रचले आहेत. तालुक्याच्या केंद्रातलं मशीन बंद, कधी चालू होणार त्याचं उत्तर तिथे कोणी देत नाही. भंगारवाल्याने मध्यस्थी करून कर्नाटकातल्या सिमेंट कारखान्याकडे माल नेणारा ट्रकवाला गाठून दिला. गोव्याच्या साळगाव प्रकल्पातला उरलेला मालही कर्नाटकातल्या भट्ट्यांकडेच जातो. भट्टीत तापमान १,४०० अंशांच्या वर, पाकीट पूर्ण जळतं, कोळसा तेवढा वाचतो. याला पुनर्वापर म्हणायला माझी जीभ रेटत नाही. खळ्यात जळण्यापेक्षा बरं, इतकंच. वाहतूक आपल्या खर्चाने, ट्रक पूर्ण भरणार नसेल तर तो येणार नाही. म्हणून शेजारच्या दोन गावांना विचारलंय, त्यांचे गठ्ठे आणि आमचे मिळून एक ट्रक. एका गावाचं हो आलं.

२६ मे

मान्सून काल देवगडला टेकला. कोकणात तो जूनच्या पहिल्या आठवड्यात धरलेला असतो, म्हणून वहाळावरचं जाळं अजून मांडवातच होतं. काल भर पावसात तांडेल, मी आणि शेजारची दोन मुलं साकवाखाली. तिरकं बांधलं, डोबीच्या बाजूला या वेळी दोन खुंट जास्त. रात्री लोंढा आला, टिकलं. सकाळी डोबीत गेल्या पावसाळ्यात असायची त्यापेक्षा पाकिटं कमी, पातेरा तेवढाच, आणि वरच्या गावच्या दुकानाचं नाव छापलेल्या पिशव्या. वरचं गाव आमच्या ग्रामपंचायतीत नाही. त्यांच्या सरपंचांना पिशव्या धुऊन, वाळवून, स्क्रू गेजच्या तक्त्यासकट नेऊन द्यायच्या आहेत, गुरुवारी सर मोकळे आहेत.

शेडच्या एका कोपऱ्यात गळतं, गठ्ठे शाळेच्या व्हरांड्यात हलवले. शाळा १६ जूनला उघडते, त्याआधी ट्रक यायला हवा. ट्रकवाला म्हणतो, घाट मोकळा असेल तर पुढच्या सोमवारी. मांडवातल्या गोण्यांना नव्या कड्या घालायच्या राहिल्यात, १ तारखेच्या आत.